कणांचा कल आणि मनाचा कल

न्यायालयाचा एक जुना दंडक आहे. ज्या खटल्याच्या निकालात न्यायाधीशाचा स्वतःचा काही लाभ गुंतलेला असेल, तो खटला त्याने चालवू नये. दंडक शहाणपणाचा आहे. कारण मनुष्य कितीही सचोटीचा असला, तरी त्याच्या इच्छेचे वजन तराजूच्या कोणत्या पारड्यात केव्हा पडले हे त्याचे त्यासही उमगत नाही. परंतु ज्ञानाचा एक मोठा प्रांत असा आहे की, तेथे हा दंडक पाळणेच अशक्य व्हावे. शास्त्रीय संशोधनात वादी, वकील आणि न्यायाधीश या तिन्ही भूमिका बहुधा एकाच्याच वाट्याला येतात. नवे काही सापडावे म्हणून जो आयुष्य वेचतो, तोच पुरावा गोळा करतो आणि तो पुरेसा झाला की नाही याचा पहिला निवाडाही तोच देतो. मग नव्याची जी तीव्र ओढ त्याला लागलेली असते, तिचे त्याने काय करावे? ती मारून टाकावी, तर शोध करावयास कोणी उरणार नाही. ती मोकळी सोडावी, तर सावलीलाही तो वस्तू म्हणू लागेल.

हा प्रश्न मुळात नीतीचा आहे आणि तो आपल्या घराघरांतही रोज उभा राहतो. तथापि त्याचे अत्यंत स्वच्छ रूप पाहावयाचे असेल, तर ते पदार्थविज्ञानाच्या एका दुर्गम भासणाऱ्या कोपऱ्यात पाहावयास मिळते. जड क्वार्कांच्या क्षयातून जे कण बाहेर पडतात त्यांचे ध्रुवीकरण मोजून अज्ञात नियमांचा माग काढावयाचा, हा तो कोपरा होय. विषयाचे नाव ऐकून वाचकांनी पान उलटू नये. यात गणित पुष्कळ आहे, परंतु त्यातील मूळ विचार समजावयास गणित लागत नाही. साक्षीदार कसा पारखावा एवढे व्यवहारज्ञान पुरते.

प्रथम विषयाची थोडी ओळख करून घेऊ. वस्तुमात्राच्या मुळाशी जे सूक्ष्म कण आहेत असे आज मानले जाते, त्यांत क्वार्क नावाचे सहा प्रकार आहेत. त्यांपैकी बॉटम आणि टॉप हे दोन सर्वांत जड. टॉप क्वार्क १९९५ साली अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत दोन स्वतंत्र संशोधकगटांस सापडला. त्यांपैकी एका गटात आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संशोधकही होते. हा एकटा कण प्रोटॉनच्या सुमारे १८४ पट जड, म्हणजे टंगस्टनच्या अख्ख्या अणूइतका भारी आहे. जड कण टिकत नाहीत; ते फुटून हलक्या कणांत रूपांतरित होतात. यालाच क्षय म्हणतात. टॉपचे आयुष्य तर इतके अल्प की, एका सेकंदाचे एकावर चोवीस शून्ये इतके भाग केले, तर त्यांतील एक भागही त्याला पुरता लाभत नाही. त्यास कोणी पाहिलेले नाही आणि पाहणे शक्यही नाही. त्याच्या पश्चात उरलेली संतती तेवढी आपल्या यंत्रांत सापडते.

या कणांच्या वर्तनाचे जे नियमशास्त्र १९७० च्या दशकात पूर्णतेस आले, त्यास प्रमाण प्रतिमान असे म्हणू. त्याने आजवर अगणित कसोट्या पार केल्या आहेत. असे असूनही ते अपुरे आहे हे सारेच जाणतात. विश्वातील जे बहुतांश द्रव्य प्रकाश देत नाही त्याविषयी ते मौन धरते आणि गुरुत्वाकर्षणास तर त्यात जागाच नाही. तेव्हा या प्रतिमानापलीकडे काही नवे नियम असलेच पाहिजेत. ते प्रत्यक्ष हाती लागत नसतील, तर निदान जड क्वार्कांच्या क्षयात त्यांचा काही ठसा उमटला आहे काय, हे पाहावे, अशी या शोधाची कल्पना आहे.

कार्यावरून कारणाचे अनुमान करण्याचा हा प्रकार आपल्या नैयायिकांच्या चांगल्या परिचयाचा होता. न्यायसूत्रांत अनुमानाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतील शेषवत् तो हाच. नदीस पूर आलेला पाहून वरच्या अंगास पाऊस झाला असावा असे ठरविणे हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. परंतु याहून मोलाची गोष्ट म्हणजे, या उदाहरणावर आक्षेप घेणारा पूर्वपक्षही त्या सूत्रांत नोंदविलेला आहे. नदीचे पाणी कोठे बांध पडल्यामुळेही चढते. मग पुरावरून पावसाचे अनुमान कसे करावे? यास वात्स्यायनाने आपल्या भाष्यात दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे. केवळ पाणी चढले एवढ्यावर अनुमान करावयाचेच नाही. प्रवाहाचा वेग, त्यावरील फेस, त्याबरोबर वाहत येणारी पाने, फळे व लाकडे ही पाहून ते करावयाचे. याचा अर्थ असा की, पाण्याची उंची ही एक साक्ष झाली. परंतु पाण्याची चाल ही निराळी आणि अधिक बोलकी साक्ष होय.

माटुंग्यास राहणाऱ्यास हे समजण्यासाठी नदीकाठी जाण्याचे कारण नाही. पावसाळ्यात किंग्ज सर्कल व गांधी मार्केट या सखल भागात पाणी साचते, हे सर्व मुंबईस ठाऊक आहे. गुडघाभर पाणी दिसले म्हणजे आपण पाऊस फार झाला असे म्हणतो. पण तेवढेच पाणी मध्यम पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आल्यानेही साचू शकते आणि एखादी मोठी जलवाहिनी फुटल्यानेही साचू शकते. पाण्याची उंची या तिन्ही प्रसंगी एकच राहील. गटाराच्या तोंडाशी उभे राहून पाणी आत जात आहे की बाहेर येत आहे, ते गढूळ आहे की स्वच्छ, हे जो पाहील त्यालाच कारण कळेल. किती, या प्रश्नाने जे समजत नाही ते कोणीकडे, या प्रश्नाने समजते.

कणांच्या बाबतीत हा 'कोणीकडे' म्हणजेच ध्रुवीकरण. प्रत्येक क्वार्काला एक अंगभूत परिवलन असते. हे परिवलन भोवऱ्याच्या फिरण्यासारखे तंतोतंत नसले, तरी समजण्यापुरती ती उपमा चालेल. आता माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यातील कोणाही कामगाराच्या हाती असलेला स्क्रू डोळ्यांसमोर आणावा. तो एका बाजूस फिरविला की पुढे सरकतो. बहुतेक स्क्रू उजव्या आट्यांचे असतात. क्वचित एखादा मुद्दाम डाव्या आट्यांचा केलेला असतो. वेगाने धावणारा कणही असाच. त्याचे परिवलन आणि त्याची धाव यांचा मेळ एक तर उजव्या स्क्रूसारखा असतो किंवा डाव्या. पुष्कळ कण मिळून त्यांत एका प्रकाराकडे झुकाव असला, तर तो समूह ध्रुवित आहे असे म्हणतात. किती कण जन्मले ही मोजणी झाली. त्यांचा कल कोणीकडे आहे हे ध्रुवीकरण झाले.

एक उदाहरण घेऊ. टॉप क्वार्क फुटला म्हणजे त्यातून बॉटम क्वार्क आणि डब्ल्यू नावाचा एक जड कण निघतो. या डब्ल्यूच्या परिवलनाच्या तीन स्थिती संभवतात. डावी, उजवी आणि ज्यात परिवलनाचा कल धावेच्या कोणत्याच बाजूस नाही अशी तिसरी. प्रमाण प्रतिमान सांगते की, शंभरांपैकी सुमारे सत्तर डब्ल्यू तिसऱ्या स्थितीत आणि तीस डाव्या स्थितीत असावेत. उजवे मात्र हजारांत दोनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ नाहीतच. एकूण टॉप किती फुटले ही संख्या नव्या नियमामुळे फारशी बदलणारही नाही. परंतु जेथे कोणी असावयाचे नाही तेथे उजव्यांची छोटी पंगत बसलेली दिसली, तर यजमान कोणी निराळा आहे हे तत्काळ कळेल. जिनीव्हाजवळच्या सर्न येथील दोन मोठ्या प्रयोगांनी आपली मापे एकत्र करून २०२० साली प्रसिद्ध केली. उजव्यांची पंगत त्यांस दिसली नाही.

निसर्ग डाव्या-उजव्यांत असा भेद करतो, ही गोष्ट मुळात कोणास खरी वाटत नव्हती. आपण मनुष्यांनी उजव्यास शुभ ठरविले, प्रदक्षिणेची दिशा बांधून दिली, दक्षिणावर्ती शंखाला देव्हाऱ्यात मान दिला. पण हे सारे माणसांचे संकेत, सृष्टीच्या मुळाशी असला पक्षपात नाही, अशीच शास्त्रज्ञांची श्रद्धा होती. १९५६ साली ली आणि यांग या तरुण चिनी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, क्षय घडविणाऱ्या क्षीण बलाच्या बाबतीत या श्रद्धेस प्रयोगाचा आधारच नाही. तसा प्रयोग कोणी केलेलाच नव्हता. तो चिएन-शियुंग वू या विदुषीने केला. कोबाल्टची अणुकेंद्रे अतिशीत करून तिने त्यांची परिवलने एका दिशेस वळविली आणि त्यांतून निघणारे इलेक्ट्रॉन कोणीकडे जातात ते पाहिले. ते समान विभागले गेले नाहीत; परिवलनाच्या विरुद्ध दिशेस अधिक गेले. पाउलीसारखा तीक्ष्ण बुद्धीचा शास्त्रज्ञ निकाल कळण्यापूर्वी याविरुद्ध मोठी पैज मारावयास तयार होता. जानेवारी १९५७ मध्ये निकाल जाहीर झाला आणि एक जुनी श्रद्धा एका हिवाळ्यात कोसळली.

या कथेवरून एखादा वाचक असे तात्पर्य काढील की, सिद्धांत कितीही रम्य असला तरी साक्षीपुढे त्याने नेहमी मान तुकवावी. परंतु त्याच वर्षातील दुसरी कथा याच्या नेमकी उलट आहे. जॉर्ज सुदर्शन हे १९५२ पासून काही वर्षे मुंबईत टाटा संस्थेत काम करून अमेरिकेस गेले होते. तेथे आपले गुरू मार्शाक यांच्यासह त्यांनी क्षीण बलाच्या रूपाविषयी एक सिद्धांत मांडला. ते बल डाव्या कणांशीच व्यवहार करते असे त्याचे सार होते. त्या वेळी हाती असलेले चार प्रयोग या सिद्धांताविरुद्ध साक्ष देत होते. सुदर्शन व मार्शाक यांनी ते लपविले नाहीत. त्यांनी चारही प्रयोगांचा उल्लेख केला आणि ते पुन्हा करून पाहावेत असे स्वच्छ लिहिले. पुढे ते प्रयोगच सदोष ठरले आणि सिद्धांत टिकला.

तेव्हा पेच असा आहे. पाउलीने सिद्धांतावर विश्वास ठेवला आणि तो फसला. सुदर्शनांनी सिद्धांतावर विश्वास ठेवला आणि ते तरले. निकाल लागल्यावर एकाला हट्टी आणि दुसऱ्याला द्रष्टा म्हणणे सोपे आहे. निकालापूर्वी या दोहोंत भेद करण्याची काही खूण आहे काय? मला वाटते, आहे. पाउलीपाशी त्या विशिष्ट प्रश्नावर कोणतीच साक्ष नव्हती. सवयीलाच तो साक्ष समजत होता. सुदर्शनांनी मात्र कोणती साक्ष आपल्या विरुद्ध जाते हे स्वतःहून मांडले आणि तिची पुन्हा तपासणी मागितली. पुन्हा तपासणी मागणारा स्वतःच्या पराभवाचेही दार उघडे ठेवतो. विश्वास ठेवण्यात दोष नसून, विश्वासाच्या पोटी साक्ष चुकविण्यात दोष आहे.

पण साक्ष मागितली तरी कोणाची मागावी, हा प्रश्न उरतोच. येथे आपल्याकडील एक घरगुती व्यवहार आठवावा. मुलीचे स्थळ पाहावयाचे असले म्हणजे वडील मंडळी चौकशी करतात. मुलाकडच्या दहा आप्तांनी मुलगा चांगला म्हणून सांगितले, तरी अनुभवी गृहस्थ तेवढ्यावर विसंबत नाही. कारण त्या दहांचे शब्द कार्य जमावे या इच्छेतून गाळून आलेले असतात. तो कोपऱ्यावरच्या वाण्यास विचारतो की, या घरचे पैसे महिन्याच्या महिन्यास येतात काय? वाण्याला मुलाच्या स्वभावाविषयी काही ठाऊक नसेल. त्याविषयी त्याचे मत घेणेही व्यर्थ होईल. परंतु पैशाच्या व्यवहाराविषयी त्याची साक्ष लग्न जमो की मोडो, तीच राहणार. चतुर चौकशी ती, की जी साक्षीदारांची संख्या वाढवीत न बसता, कोणता साक्षीदार कोणत्या मुद्द्यापुरता निर्लेप आहे हे आधी ठरविते.

नेमके हेच काम टॉप क्वार्काच्या बाबतीत ज्यांनी केले, त्यांत एक ठळक नाव आपल्या मराठी मुलखातील आहे. रोहिणी गोडबोले यांचा जन्म १९५२ साली पुण्यास झाला. पवईच्या आय. आय. टी. तून १९७४ साली एम. एस्सी. होऊन त्या अमेरिकेस गेल्या आणि डॉक्टरेट घेऊन परत मुंबईस आल्या. प्रथम टाटा संस्थेत आणि नंतर १९८२ ते १९९५ या काळात मुंबई विद्यापीठात त्यांनी काम केले. पुढे त्या बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. २००६ साली सौरभ रिंदाणी आणि ऋतेश सिंग यांच्यासह त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय हाच की, टॉपच्या उत्पत्तीत आणि क्षयात नव्या नियमांचा ठसा शोधण्यास त्यातून निघणाऱ्या लेप्टॉनचा, म्हणजे इलेक्ट्रॉन वा त्याच्या वर्गातील कणाचा, उपयोग कसा करावा.

अडचण काय होती ते पाहा. टॉपचे परिवलन त्याच्या जन्माची कथा सांगते. तो कोणत्या बलाने निर्माण झाला, त्यात काही अपरिचित कणाचा हात होता काय, हे त्यात लिहिलेले असते. टॉप इतक्या लवकर फुटतो की, इतर क्वार्कांप्रमाणे दुसऱ्यांशी जुळून ती आठवण पुसली जाण्यास त्याला अवधीच मिळत नाही. ती जशीच्या तशी संततीकडे उतरते. परंतु क्षयाच्या क्षणीच जर काही नवा नियम ढवळाढवळ करीत असेल, तर संततीची साक्ष जन्माविषयी आहे की मृत्यूविषयी, हे कसे ओळखावे? गोडबोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, लेप्टॉन कोणत्या कोनात बाहेर पडतो ही साक्ष, क्षयातील ढवळाढवळ अल्प असेल तोवर, तिने विटाळली जात नाही. लेप्टॉनची ऊर्जा मात्र विटाळते. म्हणजे एकच साक्षीदार एका मुद्द्यावर निर्लेप आणि दुसऱ्यावर नाही. वाण्याचेच उदाहरण हे. तेव्हा जन्माविषयी त्यास विचारावयाचे असेल, तर कोन विचारावा, ऊर्जा विचारू नये.

या शोधात नवा कण सापडला नाही आणि तो सापडल्याचा दावाही नव्हता. काही सापडण्यापूर्वीच त्यात साक्षीची पारख करून ठेवलेली आहे. मला यात एक नैतिक सौंदर्य दिसते. साक्ष कोणत्या बाजूने पडणार हे माहीत नसतानाच साक्षीदाराची योग्यता ठरवून टाकणे, हा इच्छेला वेसण घालण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग होय. साक्ष ऐकल्यानंतर साक्षीदार निवडणारा मनुष्य केवळ स्वतःच्या मताचा प्रतिध्वनी निवडतो.

असा प्रतिध्वनी किती मोहक असतो हे बॉटम क्वार्काच्या अलीकडच्या इतिहासावरून कळते. बॉटम असलेला कण फुटताना जड टाऊ लेप्टॉन जितक्या प्रमाणात यावयास हवा त्याहून अधिक येतो, असे २०१२ साली अमेरिकेतील बाबर प्रयोगास आढळले. ही तफावत आजही पुरती मिटलेली नाही. अधिक येतो ही झाली पाण्याची उंची. मग चालही तपासावी म्हणून संशोधक ध्रुवीकरणाकडे वळले. जपानमधील बेल प्रयोगाने, ज्यात टाटा संस्थेचेही संशोधक होते, टाऊचा कल प्रथमच मोजला आणि २०१७ साली प्रसिद्ध केला. अपेक्षा उणे अर्ध्याच्या जवळ होती. माप उणे ०.३८ आले, परंतु त्यातील अनिश्चितता ०.५१ होती. साक्षीदार बोलला खरा, पण त्याची जीभ इतकी अडखळत होती की तो कोणत्याही पक्षास सोयीचा वाटावा. याच क्षयात डी-स्टार नावाचा सोबतीचा कण निघतो. त्याच्या एका विशिष्ट स्थितीचे प्रमाण सुमारे ०.४५ असावे असे गणित होते. २०१९ साली बेलने ते ०.६० सांगितले आणि पुष्कळांची मने उचंबळली. २०२३ साली सर्नच्या एल. एच. सी. बी. प्रयोगाने ०.४३ सांगितले. उचंबळलेली मने पुन्हा जाग्यावर आली.

त्याहूनही बोधप्रद प्रसंग याच एल. एच. सी. बी. प्रयोगातील आहे. बॉटमच्या एका दुर्मीळ क्षयात इलेक्ट्रॉन आणि म्युऑन यांस निसर्ग समान वागवितो, असे प्रमाण प्रतिमानाचे म्हणणे. मार्च २०२१ मध्ये या गटाने जाहीर केले की, हा समभाव भंगलेला दिसतो. केवळ योगायोगाने असे दिसण्याचा संभव हजारांत एकाच्या आसपास आहे. जगभर वार्ता पसरली. शास्त्रज्ञांचा संकेत असा की, असा संभव पस्तीस लाखांत एक इतका खाली आल्याशिवाय शोध लागला असे म्हणू नये; यास्तव त्या गटाने शोध हा शब्द वापरला नाही आणि तपासणी चालू ठेवली. तपासणीत आढळले की, काही अन्य कण इलेक्ट्रॉनांच्या वेषात मोजणीत शिरले होते. ते वेगळे काढताच तफावत नाहीशी झाली. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच संशोधकांनी, त्याच व्यासपीठावरून, ते जगास सांगितले.

याची आपण स्तुती करतो ती योग्यच आहे. तथापि येथे एक टोचणारा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या खेपेस जर निकाल जुन्या नियमाप्रमाणेच आला असता, तर त्या वेषधारी कणांचा शोध इतक्या चिकाटीने घेतला गेला असता काय? मनुष्य अनपेक्षित हिशेब दहा वेळा तपासतो आणि अपेक्षित हिशेबावर पहिल्याच वेळी सही करतो. म्हणजे नव्याची ओढ जशी मनाचा कल बिघडविते, तशी जुन्याची सवयही बिघडविते. आणि दुसरी अधिक धोक्याची, कारण तिला आपण शहाणपण असे नाव देतो. जुन्या मतास न्यायात जे झुकते माप मिळते ते त्याच्या वयामुळे नव्हे, त्याने स्वतःला वारंवार तराजूत बसू दिले म्हणून मिळावे. आणि ज्या दिवशी ते बसावयास नाकारील, त्या दिवशी ते माप काढून घ्यावे.

या दुहेरी मोहावर आधुनिक प्रयोगशाळांनी एक उपाय योजला आहे आणि त्याचे रूप एखाद्या व्रतासारखे आहे. जेथे उत्तर दडलेले आहे तो माहितीचा भाग बंद पेटीत ठेवावयाचा. कोणत्या नोंदी घ्यावयाच्या, कोणत्या वगळावयाच्या, चूक कशी मोजावयाची, हे सारे पेटी न उघडता ठरवावयाचे आणि त्यावर सर्वांची संमती घ्यावयाची. मग एकदा पेटी उघडावयाची. आणि जे निघेल ते, आवडो वा न आवडो, प्रसिद्ध करावयाचे. चुकीचे वेषधारी याही पेटीत शिरू शकतात, हे वर पाहिलेच. परंतु इच्छेस शिरावयाच्या वाटा तरी कमी होतात.

कोणी म्हणेल, किंग्ज सर्कलला पाणी साचत असताना या अदृश्य कणांच्या आट्यांची उठाठेव कशासाठी? यास उत्तर असे की, पाणी का साचते याविषयीही आपण उंचीवरच भांडतो. चाल पाहत नाही. आपल्या मताला सोयीचा साक्षीदार शोधण्याची सवय जी प्रयोगशाळेत जाते, तीच नगरपालिकेच्या सभेत, वर्तमानपत्रात आणि जेवणाच्या पाटावरही जाते. दुसरा कोणी म्हणेल की, इतक्या कठोरपणाने कल्पनाशक्ती मरून जाईल. सुदर्शनांचे उदाहरण याचे खंडन करते. चार साक्षींविरुद्ध उभे राहण्याइतकी कल्पना त्यांच्यापाशी होती आणि त्या चार साक्षी नावानिशी लिहून ठेवण्याइतका कठोरपणाही होता. या दोन गुणांत वैर नाही.

मनाच्या कलाचा आणखी एक प्रकार आहे आणि तो सांगितल्यावाचून विषय पुरा व्हावयाचा नाही. साक्ष काय आहे यापेक्षा ती कोण देतो याकडे पाहून आपण तिचे मोल ठरवितो. वू यांच्या प्रयोगाने श्रद्धा कोसळली; १९५७ चे नोबेल पारितोषिक मात्र ली आणि यांग यांस मिळाले, वू यांस नाही. गोडबोले यांनी ही गोष्ट मनावर घेतली होती असे त्यांच्या दुसऱ्या कामावरून दिसते. राम रामस्वामी यांच्यासह २००८ साली त्यांनी लीलावतीच्या नावाने एक संग्रह संपादित केला. त्यात शंभराच्या आसपास भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांची चरित्रे व आत्मनिवेदने आहेत. २०१७ साली मध्य रेल्वेने आपल्या माटुंगा स्थानकाचा सारा कारभार स्त्री-कर्मचाऱ्यांच्या हाती सोपविला, तेव्हा वर्तमानपत्रांनी ते नवल म्हणून छापले. नवल वाटणे हेच मोजण्याजोगे ध्रुवीकरण होय.

गोडबोले २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यास निवर्तल्या. २०१९ साली त्यांस पद्मश्री मिळाली होती. टॉप क्वार्काच्या कलात नव्या नियमाचा निःसंशय ठसा तोवर कोणास सापडला नव्हता. जुने प्रतिमान त्यांच्या हयातीत कोसळले नाही. मग ज्या वस्तूसाठी चौकशीची एवढी साधने घडविली, ती वस्तूच हाती न आल्याने तो सारा श्रम व्यर्थ गेला काय? ज्याचे ध्येय केवळ सापडणे हे असेल, त्यास होय म्हणावे लागेल. आणि असा मनुष्य आयुष्याच्या उत्तरार्धात, काही तरी सापडलेच पाहिजे म्हणून, अडखळत्या साक्षीदाराकडून हवे ते वदवून घेण्याचाही संभव आहे. परंतु ज्याने निर्लेप साक्षीदार कोणता हे शोधून पुढच्यांस सांगितले, त्याच्या श्रमाचे फळ निकालावर अवलंबून राहत नाही. उद्या जिनीव्हास उजव्या डब्ल्यूंची एखादी छोटी पंगत खरोखर बसलेली आढळली, तर ती भास नाही हे ठरविण्यास अशाच पारखीचा आधार लागेल. ती कधीच आढळली नाही, तर ती तेथे नाही असे निश्चयाने म्हणण्यासही तोच आधार लागेल. वाण्याकडे चौकशी करून आलेला गृहस्थ पुष्कळदा स्थळ न जमविताच परत येतो. म्हणून त्याची चौकशी फुकट गेली असे घरात कोणी म्हणत नाही.